मुक्त चित्रण हवेच, पण थरांचा क्रम सांभाळून

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतला चित्ररोजनिशीवरचा (चित्रे, कात्रणे आणि मजकूर एकत्र असलेल्या वहीवरचा) लेख नवख्यांना हुरूप देणारा आहे. मात्र हाताला लागेल ते माध्यम घ्यावे, कोणताही नियम पाळू नये, हा त्यातला सल्ला अर्धाच खरा. काय काढायचे याला नियम नसेल, पण कशावर काय बसते हे रंगांच्या घडणीवर ठरते. तिथे मनाचे काही चालत नाही.

बरीच पाने वाया जातात ती तैलखडूंमुळे. त्यातले मेण आणि तेल पाणी धरत नाही; वर पाण्यात मिसळणारे ऍक्रिलिक रंग दिले तर ते थेंबाथेंबाने गोळा होते आणि वाळल्यावर पोपडे निघतात. म्हणून तैलखडू शेवटी. (खालून तैलखडू आणि वरून पातळ जलरंग, ही मुद्दाम केलेली गंमत वेगळी.) स्केचपेनची शाई याच्या उलट वागते. ती पांढऱ्या रंगाखाली झाकली तरी पाण्यात विरघळून वर येते आणि गुलाबी-जांभळे डाग पडतात. खालच्या थरात लिहायचे तर वाळल्यावर पाण्याने न पसरणारी शाईच हवी.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असावा. वही पातळ असेल तर दोन पाने एकमेकांना चिकटवून वजनाखाली वाळवावीत. जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) जाड लेपण नको. दोन पातळ हात द्यावेत, दुसरा पहिल्याला आडवा. कोलाजचा कागद चिकटवताना मीडियम (ऍक्रिलिकचा रंगहीन, चिकट द्रव) खालीही लावावे आणि वरूनही, मग मधून कडांकडे दाबत हवा काढावी. एकाच बाजूने भिजलेला कागद ताणला जातो, त्यामुळेच फुगे येतात. वर्तमानपत्राचे कात्रण कागदात उरलेल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे पिवळे पडते (आपल्या अंकाबद्दल तक्रार नाही!), रंग टिकवायचा असेल तर लेसर छपाईची प्रत वापरावी. इंकजेटची शाई बहुधा पसरते. कोलाजने वही फुगून शिवण उसवते, तेव्हा दर तिसरे पान इंचभर पट्टी ठेवून आधीच कापावे.

रंगांचा चिखल होतो त्याचा दोष उतावीळपणाचा. ओल्या निळ्यावर नारिंगी फिरवली की करडा-तपकिरी रंगच मिळणार. एका बैठकीत तीन रंग आणि पांढरा पुरे. निळा-हिरवा थर वाळू द्यावा, मग उष्ण रंग. बोटाची मागची बाजू टेकवून पाहावी. पान गार लागले तर आत ओल आहे. हेअर ड्रायर अगदी जवळ धरला तर वर साय धरते, आतले ओलेच राहते. पूर्ण वाळलेले ऍक्रिलिकही उष्णतेने मऊ होते आणि समोरासमोरची पाने चिकटतात, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवावा.

आता ऊर्मीविषयी. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट यांनी १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांतून चित्रे घडवली. उमटणे योगायोगाचे होते, निवड त्यांची होती. लेखात ही निवडच सुटली आहे. दहा मिनिटे रेघा, ठसे, ओघळ मुक्तपणे करावेत. मग थांबून पान चारही बाजूंनी फिरवावे, जाड कागदाला चौकोनी खिडकी कापून ती पानावर सरकवावी, डोळे किलकिले करून गडद-फिके पाहावे. आवडलेला भाग राखून उरलेल्यातला बराचसा पांढऱ्याच्या अर्धपारदर्शक हाताने मागे ढकलावा. सगळेच आवडते म्हणून काहीच न झाकणे, हेही पाने फसण्याचे एक मोठे कारण आहे. रंग नुसत्या पाण्याने फार पातळ केला तर त्यातला बंध कमजोर होऊन पुढचा हात देताना तो निघून येऊ शकतो, म्हणून मीडियम मिसळावे.

रोजनिशी म्हटली की लिहिणेही आले. चकचकीत थरावर पेन्सिल घसरते, तिथे आधी मॅट मीडियमचा हात हवा. पेनची निब अर्धवट वाळलेल्या रंगाने बुजते. मजकूर दुसऱ्या दिवशी लिहावा.

– एक वाचक