जलपर्णी काढा, पण वेळ साधून

महोदय,

गोदावरी-कादवा संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथली जलपर्णी हिवाळ्यात, पाहुणे पक्षी उतरलेले असताना काढू नये. पावसाळ्यातही नको, तेव्हा कमळपक्षी आणि पाणकोंबड्यांची वीण असते. एप्रिल-मे उत्तम. पाणी उतरलेले असते आणि मासेमारांच्या होड्या, दाताळी, दोर एवढ्यावर काम भागते. वाऱ्याने एका काठाला लोटलेली जलपर्णी दोराने घेरून ओढावी, फुले येण्याआधीच. बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. सुटलेले तुकडेही पुन्हा वाढतात, पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. ढीग काठावरच राहतो आणि पहिल्या पुरात परत पाण्यात. तो पूररेषेच्या वर न्यावा, वाळवून शेणाबरोबर थर देत कुजवावा. ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, म्हणून ओला माल लांब वाहून नेणे परवडत नाही; खड्डे गावाजवळच हवेत. पाणकणीस या काठच्या उंच, गवतासारख्या वनस्पतीला मात्र हात लावू नये, त्यात पक्ष्यांची घरटी असतात.

आणि नदीच्या वरच्या अंगाने जलपर्णीला पोसणारे सांडपाणी येत राहिले तर हे सगळे दरवर्षी करावे लागणार. मग मासेमार व गावकऱ्यांना त्याची मजुरी ठरवूनच द्या, श्रमदानाच्या नावाखाली फुकट नको.

— पाणथळ अभ्यासक, नाशिक