डायला धार लावण्याचा खर्च दरात धरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातल्या उद्योगांच्या बातम्या येतात त्या गुंतवणुकीच्या आणि नव्या प्लांटच्या. त्या प्लांटना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर ज्या छोट्या प्रेसशॉपमध्ये निघतात, तिथल्या टूलची, म्हणजे पत्रा कापणाऱ्या पंच (वरून ठोकणारा भाग) आणि डाय (खालचा भोकाचा साचा) या जोडीची, अवस्था काय आहे यावर मात्र कुणी लिहीत नाही. टूल ग्राहकाच्या मालकीचे, चालवायचे व्हेंडरने (माल पुरवणाऱ्या प्रेसशॉपने), आणि ऑर्डरवर ‘मेंटेनन्स व्हेंडरकडे’ एवढी एकच ओळ. पीसचा दर पैशापैशाने घासून ठरतो आणि धार लावण्याचे पैसे त्यात कुठेच नसतात. मग माल रिजेक्ट होऊन परत येईपर्यंत टूल चालवले जाते. हा खर्च ऑर्डरमध्ये वेगळा दाखवावा, एवढीच आमची मागणी आहे.

१.६ मिमी जाडीचा साधा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) पत्रा घ्या. पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला जाडीच्या साधारण ६ टक्के क्लिअरन्स (मोकळी फट) धरला, तर तो ०.१ मिमीच्या आसपास येतो. ४० मिमीचा ब्लँक (पत्र्यातून कापलेला तुकडा) काढायचा असेल तर डाय ४०.०० आणि पंच ३९.८०. १० मिमीचे भोक पाडायचे असेल तर पंच १०.०० आणि डाय १०.२०. ब्लँकचे माप डायवर ठरते, भोकाचे पंचवर. आता पंच-डायला एका रेषेत धरणारे गाईड पिलर आणि बुश झिजले आणि पंच फक्त ०.०५ मिमी सरकला, तरी एका बाजूला ०.०५ उरतो आणि समोर ०.१५ होतो. एका बाजूची धार झपाट्याने जाते आणि दोष मात्र डायच्या मटेरियलला दिला जातो.

खरे कारण पीसच्या कडेवरच दिसते. कड भिंगाखाली धरली की वर किंचित गोलाई, तिच्याखाली चकचकीत पट्टा, मग खरखरीत तुटलेला भाग आणि शेवटी बर (कडेबाहेर आलेली टोकदार कोर) दिसते. साध्या स्टीलमध्ये चकचकीत पट्टा जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आणि सगळीकडून सारखा असेल तर टूल ठीक आहे. पट्टा एकीकडे रुंद, समोर अरुंद आणि त्या अरुंद बाजूलाच बर असेल, तर अलाइनमेंट गेले आहे. तिथे कितीही धार लावली तरी उपयोग नाही. बर सगळीकडून सारखी वाढली असेल तर धार गेली. ती ब्लँकवर असेल तर पंचची, भोकाभोवती असेल तर डायची. एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. म्हणूनच टूल उतरवताना शेवटचा पीस पत्र्याच्या उरलेल्या पट्टीसकट टूललाच बांधून ठेवावा. तो नसला की टूलरूमवाला अंदाजाने पंच आणि डाय दोन्ही घासतो.

वेळेवर धार लावण्याचा हिशेब असा. डायच्या भोकाची सरळ भिंत, म्हणजे लँड, साधारण ४ मिमी असते, तिच्याखाली स्क्रॅप पडायला अर्धा-एक अंशाचा उतार. बर जाडीच्या १० टक्क्यांवर, म्हणजे आपल्या उदाहरणात ०.१६ मिमीवर, जाण्याआधी टूल काढले तर ०.२ मिमी ग्राइंडिंगमध्ये धार परत येते. म्हणजे लँड संपेपर्यंत सुमारे वीस वेळा. कड गोल होऊन चिपा उडेपर्यंत थांबले, तर प्रत्येक वेळी ०.८ मिमी काढावे लागते, म्हणजे अवघे पाच वेळा. डाय तीच, डी-२ हे टूल स्टील तेच, एचआरसी (कडकपणाचे माप) ६० चे हार्डनिंगही तेच. आयुष्य मात्र चौथाई. लँड संपल्यावर उतार लागतो आणि पुढच्या प्रत्येक ग्राइंडिंगला डायचे भोक मोठे होत जाते.

धार लावणेही कुठल्याही ग्राइंडरवर उरकायचे काम नव्हे. ग्राइंडिंगचे व्हील ड्रेस करून (त्याचा पृष्ठभाग ताजा करून), कूलंट चालू ठेवून एका पासला ०.०१ मिमी, शेवटचे पास त्याच्याही निम्मे. कोरडे ग्राइंडिंग केले किंवा घाईने ०.०५ चा कट घेतला की पृष्ठभाग निळा पडतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक तडा जातात आणि नंतर कडेचा तुकडा उडतो. ग्राइंडिंगनंतर डीमॅग्नेटाइज करायलाच, म्हणजे चुंबकत्व काढायलाच हवे, नाहीतर लोखंडी कीस धारेला चिकटून राहतो. ऑइलस्टोन (धार घासायचा दगड) एकदाच, हलक्या हाताने. जेवढे काढले तेवढ्या जाडीची एकच ग्राइंड केलेली शिम (उंची भरून काढणारी चपटी पट्टी) डायखाली द्यावी. पत्र्याचे तीन-चार तुकडे एकावर एक ठेवले तर डाय दाबाखाली लवते आणि तडकते. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये (एकाच टूलमध्ये टप्प्याटप्प्याने कापणे-वाकवणे होते त्यात) कटिंगचे पंच आखूड झाले की बेंडिंगचे स्टेज आणि पत्रा जागेवर आणणारे पायलट यांची उंचीही पुन्हा जुळवावी लागते. हे विसरल्याने अख्खी कॉइल वाया गेल्याची उदाहरणे या पट्ट्यात नवी नाहीत.

यात माणसांच्या हातांचाही प्रश्न आहे. क्लिअरन्स वाढला, तेल चिकट असले किंवा पंचमध्ये चुंबकत्व राहिले की भोकाचा स्लग (कापून निघालेला तुकडा) पंचबरोबर वर येतो आणि पत्र्यावर पडतो. पुढच्या स्ट्रोकला दुप्पट जाडी. धार गेलेल्या टूलमध्ये पीसही अडकतो आणि ऑपरेटर तो हाताने काढायला जातो. आपल्याकडच्या जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये क्लच एकदा लागला की रॅम (पंचसह वर-खाली होणारा भाग) अध्येमध्ये थांबत नाही, पूर्ण फेरी करूनच थांबतो. गार्ड बसवणे कायद्याने बंधनकारक आहेच, तो असलाच पाहिजे. पण हात आत घालण्याची वेळ ज्यामुळे येते, ते बोथट टूलही अपघाताच्या चौकशीत तपासले जावे. पंचला स्प्रिंगची इजेक्टर पिन आणि डायमध्ये पंचचा शिरकाव एक-दीड मिमी, एवढ्याने स्लगचा त्रास बराच आटोक्यात येतो.

इलेक्ट्रिक वाहनांच्या मोटरची लॅमिनेशन (एकावर एक रचलेले पातळ पत्र्याचे तुकडे) आता मोठ्या प्रमाणावर लागणार आहेत. ०.३५ मिमीच्या सिलिकॉन स्टीलला दर बाजूला ५ टक्के क्लिअरन्स म्हणजे १७-१८ मायक्रॉन. हा पत्रा धार लवकर खातो, त्याला कार्बाइडचे (अतिकडक मिश्रणाचे) टूल लागते, आणि बर राहिली तर लॅमिनेशन एकमेकांना शॉर्ट होऊन मोटर तापते. ब्रॅकेटच्या टूलला जी हयगय कशीबशी खपते, ती इथे पहिल्याच लॉटमध्ये उघडी पडेल.

ग्राहक कंपन्यांच्या खरेदी विभागांनी म्हणून तीन गोष्टी ऑर्डरमध्येच लिहाव्यात: किती स्ट्रोकनंतर टूल उतरवायचे, त्या ग्राइंडिंगचा दर किती, आणि लँड किती उरली की नवी डाय ग्राहकाने द्यायची. स्ट्रोकचा आकडा पुस्तकातून घेऊ नये. पहिल्या दोन-तीन लॉटमध्ये ठरावीक अंतराने बर मायक्रोमीटरने मोजून त्या त्या टूलचा आकडा काढावा. व्हेंडरनेही प्रेसला काउंटर लावावा आणि टूलच्या कार्डावर तारीख, स्ट्रोक, किती मिमी काढले आणि शिम किती दिली हे दर वेळी लिहावे.

आपले,
प्रेसटूल बनवणारे व दुरुस्त करणारे काही कारागीर,
भोसरी, पुणे