अध्यक्षांचे शब्द आणि त्यांचे दप्तर

महोदय,

अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एखाद्या खळबळजनक विधानाला वृत्तपत्रांत जेवढी जागा मिळते, तेवढी त्यांच्या दैनंदिन कामकाजाला मिळत नाही. वास्तविक त्या पदाचे अधिकार आणि मर्यादा या कामकाजातच स्पष्ट दिसतात. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, संमत केलेले विधेयक रविवार वगळून १० दिवसांत अध्यक्षांनी आक्षेपांसह परत पाठवले नाही, तर अधिवेशन चालू असल्यास स्वाक्षरीविनाही त्याचा कायदा होतो. राजदूत व न्यायाधीशांची नावे त्यांनी सुचवली तरी सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागतेच.

कार्यकारी आदेश ‘फेडरल रजिस्टर’ या सरकारी राजपत्रात छापले जातात. भाषणे, निवेदने व घोषणा यांचे अधिकृत संकलन १९६५पासून साप्ताहिक निघत असे, ते २००९मध्ये दैनिक झाले. शिवाय १९७८च्या कायद्याने अध्यक्षांची शासकीय कागदपत्रे ही त्यांची खासगी नव्हे, तर राष्ट्राची मालमत्ता ठरवली. अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागलेल्या वॉटरगेट प्रकरणानंतर हे होणे अपरिहार्यच होते.

पत्रकार परिषदेत सहज उच्चारलेले वाक्य आणि स्वाक्षरी झालेला आदेश यांचे वजन सारखे नसते. म्हणून अध्यक्षांच्या घोषणेचे वृत्त देताना तिला कायदेशीर आधार आहे किंवा नाही, हेही आपल्या वार्ताहरांनी त्याच बातमीत नमूद करावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक