‘फाइल अमान्य’ एवढ्यावर भागत नाही, कारणही सांगा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि नोकरभरतीच्या ऑनलाइन अर्जांविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी मजकूर प्रसिद्ध होतो. सर्व्हर बंद पडणे, ओटीपी न येणे, मुदतवाढ मिळणे किंवा न मिळणे यांची त्यात चर्चा असते. परंतु ज्या एका किरकोळ वाटणाऱ्या कारणामुळे आमच्या भागातले कितीतरी अर्जदार शेवटच्या दिवशी खोळंबून राहतात, त्याचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून हा पत्रप्रपंच. ते कारण म्हणजे मोबाइलवर काढलेला फोटो संगणकावर न उघडणे. मी अंबाजोगाईत झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो आणि हा प्रकार रोज पाहतो.

फोनवर फोटो स्वच्छ दिसत असतो. केबल लावून तो संगणकात घेतलाही जातो. पण तेथे चेहऱ्याच्या जागी नुसते कोरे चिन्ह दिसते, दोनदा क्लिक केले तर ‘ही फाइल उघडता येत नाही’ असा संदेश येतो आणि पोर्टलवर चढवायला गेले तर ‘इनव्हॅलिड फाइल’ एवढे दोनच शब्द झळकतात. मग तर्क सुरू होतात. फोन सेकंडहँड आहे म्हणून असे होते, केबल डुप्लिकेट आहे, संगणकात व्हायरस शिरला आहे, असे ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. सोबत आलेले वडील मुलावर चिडतात, कारण एवढ्या महागाचा फोन घेऊन साधा फोटो निघत नाही हे त्यांना पटत नाही. वास्तविक यात फोनचा दोष नसतो आणि मुलाचाही नसतो.

गेली तीसहून अधिक वर्षे फोटो म्हटला की जेपीजी, असे समीकरण आहे. फोटो साठवण्याचे हे मानक १९९२ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून संगणक, छपाईयंत्र, फोटो स्टुडिओ, सरकारी पोर्टल अशी सर्व व्यवस्था त्यावर उभी राहिली. पुढे २०१५ साली ‘एचईआयएफ’ हे नवे मानक तयार झाले आणि २०१७ साली आयओएस ११ या कार्यप्रणालीसोबत अ‍ॅपलने आयफोनमध्ये फोटो साठवण्यासाठी ते स्वीकारले. अशा फोटोच्या नावाला शेवटी ‘एचईआयसी’ हे एक्स्टेंशन लागलेले असते. हा बदल कंपनीने लहर म्हणून केलेला नाही. तोच फोटो तेवढ्याच दर्जाने साधारण निम्म्या जागेत मावतो, त्यामुळे चौसष्ट जीबीचा फोन वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा खरोखर फायदा होतो. सॅमसंगसह काही अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशियन्सी पिक्चर्स’ नावाचा पर्याय असतो आणि जागा वाचते म्हणून कोणी तो सुरू केला, की तेथेही हीच अडचण उभी राहते. म्हणजे हा केवळ आयफोनवाल्यांचा प्रश्न आहे असे समजून बाकीच्यांनी गाफील राहू नये.

यावर सर्वांत जास्त केला जाणारा उपाय म्हणजे फाइलचे नाव बदलणे आणि तोच सर्वांत घातक आहे. शेवटचे ‘एचईआयसी’ खोडून तेथे ‘जेपीजी’ लिहिले, की काम झाले असे अनेक केंद्रचालकही मानतात. सोयाबीनच्या पोत्यावर तुरीची चिठ्ठी लावली म्हणून आत तूर होत नाही. खात्री करायची असेल तर अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. सगळी अगम्य अक्षरे दिसतील, पण पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला रोमन लिपीतली एच, ई, आय, सी ही चार अक्षरे बहुधा स्पष्ट वाचता येतात. वरचे नाव काहीही असो, आतला माल तोच राहतो. दुसरी गंमत अशी, की विंडोजमध्ये एक्स्टेंशन मुळातच लपवलेले असते. त्यामुळे नावापुढे जेपीजी टाइप करणाऱ्याला आपण बदल केला असे वाटते. प्रत्यक्षात मूळ एक्स्टेंशन त्याच्याही मागे लपून तसेच राहते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ सुरू केले, की हे सारे उघड दिसते. ही खूण प्रत्येक केंद्राने कायमची सुरू ठेवावी असे मला वाटते.

नाव बदललेली फाइल पोर्टलने नाकारली तर निदान वेळीच कळते. स्वीकारली तर नुकसान अधिक होते. काही पोर्टल केवळ एक्स्टेंशन तपासतात आणि आतील रचना पाहत नाहीत. अशी फाइल बिनबोभाट चढते, शुल्कही भरले जाते. माझ्याकडे एक मुलगी तिच्या भरलेल्या अर्जाची छापील प्रत घेऊन आली होती. नाव, जात प्रवर्ग, गुण, सर्व तपशील जागच्या जागी होते आणि उजवीकडील फोटोची चौकट मात्र रिकामी. अर्ज दुसऱ्या एका ठिकाणी भरलेला होता, दुरुस्तीची मुदत संपलेली होती आणि फाइलचे नाव बदलून चढवल्याचे तिने स्वतःच सांगितले. त्या अर्जाबाबत तिला आता कोणाकडे दाद मागायची हेही ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही निश्चित सांगता आले नाही.

योग्य उपाय अवघड नाहीत. आयफोनमध्ये आयओएस १६ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर फोटो आधी ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये जतन करावा, त्यावर बोट दाबून धरावे, ‘क्विक अ‍ॅक्शन्स’मधून ‘कन्व्हर्ट इमेज’ निवडावे आणि ‘जेपीईजी’ (म्हणजे जेपीजीच) म्हणावे. फोनमध्येच खरी जेपीजी प्रत तयार होते आणि लहान, मध्यम, मोठा असा आकारही निवडता येतो. इंटरनेट नसले तरी हे काम होते. संगणकावर करायचे असल्यास मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ हे मोफत जोडसॉफ्टवेअर घ्यावे लागते. मात्र आयफोनचे फोटो एचईआयएफच्या आवरणाच्या आत ‘एचईव्हीसी’ या पद्धतीने दाबून बसवलेले असतात आणि ती उलगडणारे वेगळे जोडसॉफ्टवेअर स्टोअरमध्ये अल्प शुल्क देऊनच मिळते. अनेकांचे घोडे येथेच अडते, कारण मोफतचे घेतले तरी फोटो का उघडत नाही हे त्यांना उमगत नाही. दोन्ही असल्यावर फोटो साध्या पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ने जेपीजी करता येतो. पैसे द्यायचे नसतील तर जिंप हे मुक्त सॉफ्टवेअर २०१८ पासून असे फोटो उघडते. मॅकवर हा प्रश्नच येत नाही, पण आमच्याकडे मॅक आहेत किती?

ज्यांना मुळातच ही कटकट नको, त्यांनी आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. यापुढचे फोटो जेपीजीत निघतील. आधीचे आपोआप बदलत नाहीत. सर्वांनी हे कायमचे करावे असे माझे मत नाही. ज्याच्या फोनमध्ये जागा कमी आहे, त्याने अर्जाच्या हंगामापुरते करावे आणि नंतर पूर्ववत करावे.

केबलने फोटो घेताना आणखी एक पेच पडतो. आयफोनच्या फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ या शीर्षकाखाली ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘कीप ओरिजिनल्स’ असे दोन पर्याय असतात. ऑटोमॅटिक असेल तर विंडोजकडे फोटो जाताना फोन वाटेतच त्याचा जेपीजी करून देतो. चार-दोन फोटोंना हे उत्तम. पण लग्नाचे शेकडो फोटो एकदम उचलले, की रूपांतर मागे पडते आणि संगणक ‘जोडलेले उपकरण काम करत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश देऊन मध्येच थांबतो. लोक केबल बदलतात, फोन बंद-चालू करतात. अशा वेळी ‘कीप ओरिजिनल्स’ निवडले, की नक्कल सहसा विनाखंड पूर्ण होते, मात्र मग फोटो एचईआयसीतच येतात आणि रूपांतर नंतर करावे लागते. यासाठी अर्जाच्या एका फोटोला ऑटोमॅटिक आणि मोठ्या साठ्याला ओरिजिनल्स, असा सरळ हिशेब ठेवावा. नकलेच्या वेळी ‘कट’ कधीही करू नये, ‘कॉपी’च करावे, कारण आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि प्रत्येक डेस्कटॉपला यूपीएस असतोच असे नाही. अँड्रॉइड फोनची केबल जोडल्यावर काहीच दिसत नसेल, तर बहुधा तो केवळ चार्जिंगवर असतो. सूचनापट्टीतून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे.

व्हॉट्सअ‍ॅपचा मार्ग सर्वांना सोयीचा वाटतो, कारण तेथून फोटो जेपीजी होऊनच बाहेर पडतो. अर्जातील पासपोर्ट आकाराच्या फोटोसाठी तो एक वेळ चालेल, कारण बँकभरतीसारख्या अर्जांत फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी एवढीच मागतात. परंतु जेथे फोटो हा पुरावा असतो, तेथे हा मार्ग टाळावा. मूळ फोटोच्या आत तो केव्हा काढला याची नोंद असते आणि लोकेशन सुरू असेल तर कोठे काढला याचीही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवताच ती गळून पडते. २०२५च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या जिल्ह्यांत अतिवृष्टीने शेती आणि घरे गेली, तेव्हा पंचनाम्यासोबत जोडायला अनेकांकडे भिंत कोसळल्याचे आणि पिकात पाणी साचल्याचे फोटो होते. त्यातले बरेचसे या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरून आलेले, धूसर झालेले आणि तारखेची नोंद हरवलेले होते. अशा प्रसंगी मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा केबलने द्यावी. ती एचईआयसी असली तरी जपून ठेवावी आणि छापण्यासाठी वेगळी जेपीजी प्रत करावी. मूळ प्रत कधीही डिलीट करू नये, ही विनंती मी केंद्रचालकांनाही करीन.

आणखी एका गोष्टीची मला खरी धास्ती वाटते. घाईत असलेला मुलगा ‘एचईआयसीचे जेपीजी करा’ असे शोधतो आणि जी पहिली मोफत वेबसाइट दिसेल तिच्यावर फाइल चढवतो. अनेकदा ती फाइल केवळ चेहऱ्याची नसते. आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, सातबारा, सही यांचेही फोटो असतात. ते कोणत्या देशातील सर्व्हरवर गेले आणि किती काळ राहिले हे कोणालाच कळत नाही. फोनमध्येच सोय असताना हा धोका का पत्करायचा? याच ओघात, केंद्रांच्या डेस्कटॉपवर गिऱ्हाइकांची आधार कार्डे महिनोन्महिने पडून असतात, तीही काम होताच काढून टाकली पाहिजेत.

हा प्रश्न केवळ ग्रामीण भागातील अज्ञानाचा आहे, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. करोनाच्या काळात मे २०२० मध्ये अमेरिकेतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा घरून ऑनलाइन घेण्यात आल्या. उत्तरपत्रिकेचा फोटो काढून चढवायचा होता. आयफोनचे एचईआयसी फोटो परीक्षेच्या पोर्टलला स्वीकारता आले नाहीत, काही विद्यार्थ्यांची वेळ संपून गेली आणि त्यांना जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ आली. तेथील मुलांनाही नेमके काय चुकले हे पडद्यावर कोणी सांगितले नव्हते.

माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. पोर्टलला जेपीजीच हवा असेल तर तो मागण्याचा त्याला अधिकार आहे. पण आलेली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे संगणकाला मुळीच कठीण नाही. मग ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणून हात झटकण्याऐवजी ‘आपली फाइल एचईआयसी प्रकारची आहे, कृपया जेपीजी करून पुन्हा जोडा, केवळ नाव बदलू नका’ असे मराठीत का लिहिता येऊ नये? त्याहून चांगले म्हणजे पोर्टलने एचईआयसी स्वीकारावे आणि स्वतःच रूपांतर करून घ्यावे. हे करणारी मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. आतील रचना तपासल्याशिवाय कोणतीही फाइल स्वीकारू नये आणि शुल्क घेण्यापूर्वी फोटो व सही अर्जदाराला मोठ्या आकारात दाखवावी, हे तर किमान आहे. आपले सरकार सेवा केंद्रांच्या चालकांना जे प्रशिक्षण दिले जाते, त्यात या विषयाला अर्धा तास मिळाला तरी पुरे.

आगामी प्रवेश हंगामापूर्वी राज्याचा माहिती तंत्रज्ञान विभाग आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था यांनी निदान त्या एका संदेशाचा मजकूर बदलावा, आणि तोपर्यंत महाविद्यालयांनी प्रवेश समितीच्या खिडकीवर वरील सेटिंगची सूचना मराठीत लावावी, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक केंद्रचालक
अंबाजोगाई, जि. बीड