काका, त्या पाच हजार फेऱ्यांबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

परवा रात्री गिटारचा शेवटचा स्क्रू पिळला आणि धावत खाली येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही "छान झालं" म्हणालात आणि लगेच मीटरची बॅटरी उतरत आली आहे, ती बदल, याकडे वळलात. आभाराचा शब्द निघाला की तुम्ही विषय बदलता, हे वर्षभरात मला कळून चुकलं आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम सर्वांसमोर. घरी गिटार बांधणाऱ्या, तारांचा कंप विजेत बदलणारा पिकअप उघडून हताश बसलेल्या आणखी कुणाला यातलं काही कामी आलं, तर तेही तुमच्याच खात्यावर जमा.

बॉडी आणि नेक मी एकटीने केली, असं लोक समजतात. तेही तितकंसं खरं नाही. फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचा आखत होते तो दिवस तुम्हाला आठवत असेल. ६४८ मिलिमीटरची स्केल, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी. तिला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो. मग उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, असं बावीस वेळा. गणित चोख होतं. मी एका खुणेवर पट्टी ठेवून पुढची खूण करत चालले होते. तुम्ही बराच वेळ मागे उभे होतात. मग एवढंच विचारलंत, "दर वेळी पट्टी उचलून ठेवतेस, तेव्हा ती किती सरकते?" बारावा फ्रेट बरोब्बर निम्म्यावर, ३२४ वर यायला हवा. मोजलं तर ३२५ च्याही पुढे गेला होता. आखणी कागदी टेपवर होती म्हणून फ्रेटबोर्डची फळी वाचली. टेप सोलून काढली, पट्टी एकदाच चिकटवून पक्की केली आणि बावीसही मापं नटपासूनच घेतली. आज बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळतो तो तुमच्या त्या एका प्रश्नामुळे.

बाकी लाकडाच्या कामाबद्दल फार लिहीत नाही. महोगनीची बॉडी, मेपलची नेक, रंधा, पटाशी, कानस आणि न संपणारा पॉलिश पेपर. वेळ लागला, पण लाकडात चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते, हाताला लागते. पिकअपमध्ये तसं नाही.

तो जुना हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप, घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा खरं तर रडायच्या बेतात होते. मीटरवर एक कॉइल ३.९ किलोओहम दाखवत होती आणि दुसरी काहीच नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत दोन्ही चालू होत्या. कव्हर उतरवताना मीच कुठेतरी तार ओढली होती. गिटारशी तुमचा काही संबंध नाही, पण आयुष्यभर मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर वाइंड केलेला माणूस आपल्या जिन्याखाली राहतो, एवढं मला ठाऊक होतं. तुम्ही दिवा जवळ ओढलात, भिंग डोळ्याला लावलंत आणि कितीतरी वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "बाहेरचं टोक तुटलं असतं तर एक फेरा सोडवून डाख दिला असता. आतलं टोक गेलंय. सगळं उलगडायला लागेल."

आणि पुढचं वाक्य, ज्यासाठी हे पत्र आहे: "उलगड तू. मी बसतो शेजारी."

ते काम तुम्ही एका बैठकीत संपवलं असतं. तुमच्या हातांना ते नवीन नव्हतं. माझ्या हातून तार तुटली तेव्हाही तुम्ही एकदाही "दे इकडे" म्हणाला नाहीत. मदत करणारी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत, आणि बहुतेक जण मायेपोटीच हातातली वस्तू काढून घेतात. तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलात.

पिकअपची ती तार ४२ गेजची, ०.०६३ मिलिमीटरच्या आसपास जाड, म्हणजे डोक्याच्या केसाइतकी. वर इनॅमलचा पातळ थर. एका कॉइलला साधारण पाच हजार फेरे, म्हणजे सुमारे सातशे मीटर तार एवढ्याशा बॉबिनवर, म्हणजे कॉइलच्या प्लॅस्टिकच्या सांगाड्यावर, बसवायची. शिलाई मशीनची मोटार आणि तिचं पायपॅडल वापरायची कल्पना तुमची. दोन्ही हात मोकळे राहतात. फेरे मोजायची युक्ती मी वाचून आणली होती आणि ती तुम्हाला इतकी आवडली की मला फार बरं वाटलं. साध्या कॅल्क्युलेटरवर एक अधिक एक करून ठेवायचं, मग 'बरोबर'चं बटण जितक्या वेळा दाबाल तितका आकडा एकेकाने वाढतो. त्या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच, जोडला आणि फिरत्या चकतीवर एक छोटं चुंबक चिकटवलं. चकतीचा एक फेरा झाला की आकडा एकने पुढे. वेग वाढला की कॅल्क्युलेटर फेरे गाळतो, हे तुम्ही शंभर फेरे स्वतः मोजून पकडलंत. म्हणून सेकंदाला तीनच फेरे ठरले. पाच हजारांना जवळपास अर्धा तास.

पहिल्यांदा तार ८४० वर तुटली. दुसऱ्यांदा २,३१० वर. "चिमटीत आवळू नकोस," तुम्ही म्हणत होतात, "नमद्याच्या दोन तुकड्यांमधून जाऊ दे, बोटं नुसती टेकव." फार ओढली तर ती ताणून बारीक होते आणि तुटते, फार सैल सोडली तर फेरे आत डुगडुगतात. पण दुसऱ्या वेळी माझा हात हलका होता, हे तुम्ही पाहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "दोन्ही वेळा तुटली तेव्हा तार बॉबिनच्या कुठल्या अंगाला होती?" मी आठवून सांगितलं, दोन्ही वेळा स्क्रूच्या अंगाला, डाव्या कोपऱ्याशी. तुम्ही बॉबिन घेतलं, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख त्याच्या काठावरून हळूहळू फिरवलंत. अर्धा काठ झाला, पाऊण झाला, आणि नख थांबलं. "इथे." भिंगाखाली प्लॅस्टिकचा एक काटा दिसला, इतका बारीक की त्याआधी मी तो काठ दहा वेळा पुसला असेन आणि मला तो लागला नव्हता. दोन हजार नंबरच्या कागदाने तो घासायला तुम्ही बॉबिन पुन्हा माझ्याकडेच दिलंत. आता कुठलंही बॉबिन हातात आलं की मी आधी डोळे मिटून नख फिरवते.

तिसऱ्यांदा ५,००० पूर्ण झाले. मी लगेच मीटर लावला तर ४.०५ किलोओहम. मूळचे ३.९. मला वाटलं फेरे जास्त बसले, आणि मी पुन्हा उलगडायला निघाले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "किती वेळ मुठीत धरून बसली आहेस? खाली ठेव. अर्ध्या तासाने मोज." अर्ध्या तासाने ३.९१. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.४ टक्के वाढतो. हाताच्या उबेने आठ-दहा अंश चढले तरी एवढा फरक पडतो. मोटार आतून किती तापली हेही याच रोधावरून काढतात, हे तुम्ही त्या अर्ध्या तासात समजावलंत. पिकअपच्या आकड्यांवरून लोक तावातावाने भांडतात, पण कॉइल तेव्हा गार होती की गरम हे क्वचितच कुणी सांगतं. निदान मी तरी आता खोलीचं तापमान लिहून ठेवते.

जोडणी करताना मी पुन्हा चुकले. बॅटरीचे सेल जोडतात तसं मी एका कॉइलचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडला. ॲम्प लावला तर तारांचा आवाज पोकळ, मरतुकडा, आणि गुणगुण मात्र वाढलेली. हंबकर म्हणजे काय हे मी तोवर पाठ केलं होतं. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळालं, हेही मी तुम्हाला सांगितलं होतं. ॲम्प्लिफायरमधली गुणगुण दाबणाऱ्या चोक कॉइलवरून त्यांना हे सुचलं, हे ऐकून तुम्ही मान डोलावली होतीत. चोक तुमच्या ओळखीची. तरी मी चुकले, कारण पाठ केलेलं कॉइलवर लावून पाहिलं नव्हतं. तुम्ही कागद घेऊन दोन वर्तुळं काढलीत. एका कॉइलच्या खिळ्यांना चुंबकाचा उत्तर ध्रुव, दुसरीच्या स्क्रूंना दक्षिण. दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळलेल्या. बाहेरून येणाऱ्या विजेच्या गुणगुणीला चुंबकाशी देणंघेणं नाही, ती दोन्हींत सारखीच शिरते. तारेचा सूर मात्र चुंबकाचा ध्रुव बदलला की उलटतो. "मग शेवटाला शेवट लाव. गुणगुण गुणगुणीला मारेल, आणि तुझा सूर उलट्याचा सुलट होऊन बेरीज होईल." डाख सोडवला, पुन्हा दिला. एवढंच.

मग मेणाचा दिवस. ॲम्पचा आवाज चढवला की पिकअप शिट्टी मारत होता, कारण आतले फेरे थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखा वागू लागतो. तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत: "वार्निशमध्ये बुडव. मोटारीला देतो ना, ते याचसाठी. तारा थरथरल्या की एकमेकींवर घासून इनॅमल खातात." तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्याशी वाद घातला. वार्निश सुकलं की ती कॉइल पुन्हा उलगडता येत नाही, मेण वितळवता येतं. मी तुम्हाला ब्रायन मे यांची गोष्ट सांगितली: १९६३ मध्ये त्यांनी वडिलांबरोबर घरीच गिटार बांधायला घेतली, नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं, आणि पिकअपची शिट्टी थांबवायला ते ॲराल्डाइटने भरले. म्हणजे तो दाखला तुमच्याच बाजूचा निघाला, आणि तरी तुम्ही म्हणालात, "गिटार तुझी आहे. मेण तर मेण." चार भाग पॅराफिन, एक भाग मधमाश्यांचं मेण, भांडं पाण्याच्या भांड्यात, थेट आचेवर कधीच नाही, कारण पॅराफिन पेट घेतं. तापमान ६५ अंश. त्याहून फार वर गेलं तर बॉबिन वाकतं. बुडबुडे थांबेपर्यंत वीस मिनिटं तुम्ही थर्मामीटर हातात धरून उभे होतात, ज्या पद्धतीवर तुमचा विश्वास नव्हता तिच्यासाठी.

एक गोष्ट तुम्हाला अजून पटलेली नाही. पुश-पुल पॉट, म्हणजे गिटारवरची ओढता-ढकलता येणारी कळ, ओढला की एक कॉइल बंद होते आणि आवाज पातळ, लख्ख होतो. पण गुणगुण परत येते. इतकं करून घालवलेली गुणगुण मुद्दाम परत का आणायची, असं तुम्ही विचारता. त्या लख्ख सुरासाठी, काका. एकदा शांतपणे बसून ऐकवीन.

पण त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. सगळं जोडून झालं, पोकळीत तांब्याची पट्टी लावून झाली, ब्रिजची अर्थिंगची तार बसली. ॲम्प लावला. मी पिक उचलला तर तुम्ही हात वर केलात. "थांब. आधी काही वाजवू नकोस." आवाजाची कळ अर्ध्यावर, मग पाऊणवर. तुम्ही ॲम्पच्या कापडाशी कान नेलात. मला कधीची घाई झाली होती, आणि तुम्ही डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून उभे होतात, तसेच जसे बॉबिनच्या काठावर नख फिरवताना होतात. स्पीकरमधून फक्त बारीकशी फुसफुस येत होती. मग तुम्ही स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एका कॉइलला अलगद स्पर्श केलात, टक. दुसरीला, टक. दोन्ही सारखे. "आता वाजव," तुम्ही म्हणालात. मी काय वाजवलं ते मला आठवत नाही. तुमचा चेहरा आठवतो.

तार गुंडाळताना प्रत्येक टोकाला तुम्ही कागदाची चिठ्ठी चिकटवत होतात, तुमच्या त्या तिरप्या अक्षरात: सुरुवात, शेवट, सुरुवात, शेवट. मागचं झाकण बसवण्याआधी त्या सोलून काढायला चिमटा हातात घेतला होता. काढल्या नाहीत. पॉटच्या शेजारी पोकळीत दुमडून ठेवल्या आहेत, चारही.

मीटरची बॅटरी बदलली आहे. रविवारी माझी एक मैत्रीण तिच्या बास गिटारचा बंद पडलेला पिकअप घेऊन येते आहे. तार तिच्या हातात असेल. तुम्ही भिंग घेऊन या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची