अर्ध्यावर आलेल्या गाडीचं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गाडी रस्त्यावर आली की मगच आभार मानायचे, असं मनाशी धरलं होतं. पण रंग बाकी आहे, वायरिंग बाकी आहे, सीटच्या जागी अजून फळीच आहे. तोवर थांबणं काही मला पटेना. आणि हे चारचौघांत लिहितेय, कारण घरच्या घरी, सवडीने, एकेक भाग जमवत हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी हलकी करून जोरदार इंजिन बसवलेली गाडी, बांधणारे आणखीही कोणी असतील. त्यांच्याही शेजारी तुमच्यासारखं कोणी राहत असेल, त्यांनी नुसतं दार वाजवायची खोटी!

तुम्हाला गाड्यांचं वेड कधीच नव्हतं. सगळं आयुष्य लेथ आणि फिटिंगमध्ये गेलेलं. म्हणूनच पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, की चांगल्या गाडीचे मडगार्ड काढायचे कशाला? मी तुम्हाला कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांबद्दल सांगितलं. 1930च्या दशकात मुरॉकच्या सपाट जमिनीवर पोरं जुन्या फोर्ड गाड्या पळवायची, वजन कमी करायला मडगार्ड, बॉनेट, जे निघेल ते काढून टाकायची. 1932 साली फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं आणि या वेडाला जोरच आला. 1937 साली तर या शर्यतींना नियम लावायला क्लबांनी मिळून संघटना उभी केली. हे सगळं तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “म्हणजे नको ते काढायचं आणि राहील ते चोख करायचं. मग जमेल.”

तेव्हा माझा सगळा ओढा इंजिनाकडे होता. तुम्ही मात्र आधी चाकांचं बोललात. चासी म्हणजे खालचा सांगाडा, पुढचा आस, मागचा आस, स्टीअरिंग आणि चार चाकं एवढं उभं कर, ढकलली की सरकली पाहिजे, बाकी सगळं नंतर. या एका सल्ल्याने माझी गाडी वाचली, असं मी अगदी ठामपणे म्हणेन. खोललेली गाडी डब्यांत जाते आणि डबे माळ्यावर जातात. चाकांवर उभी असलेली गाडी दिसत राहते, झाडायला म्हणून हलवली तरी हात लागतो, आणि हात लागला की काहीतरी काम निघतंच. मध्ये काही महिने पैसेही नव्हते आणि वेळही नव्हता. त्या काळात ती फक्त उभी होती, पण उभी होती.

चासीचं काम मी कधी विसरणार नाही. 1931च्या फोर्ड मॉडेल एची ती चासी. दोन्ही बाजूंचे लांब रेल उघड्या पन्हळीसारखे, आतल्या अंगाने मोकळे. मुळात तिच्यावर 40 हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं इंजिन असायचं. मला त्यावर शेवरोलेचं 350 घन इंचाचं व्ही-8 बसवायचं होतं, म्हणजे पिळाचा जोर कितीतरी पट. उघडा रेल वाकवणाऱ्या भाराला बरा टिकतो पण पिळाला टिकत नाही, म्हणून आतून पट्टी लावून तो चौकोनी बंद करावा लागतो. वेल्डिंग मला येत होतं. पण लांबच्या लांब जोड मारला की लोखंड तापून ओढलं जातं आणि चासीचं केळं होतं, हे रोखायचं कसं, ते तुमच्याकडे होतं.

तुम्ही आधी ओळंबा आणलात. चासीवरच्या ठरावीक भोकांतून तो सोडून खाली जमिनीवर खडूने खुणा केल्या, मग त्या खुणांचे दोन्ही कर्ण टेपने मोजून घेतले. कर्ण जुळल्यावरच चासी भक्कम बैठकीवर आवळून बांधली. मग वेल्डिंग. इंचभर इकडे, इंचभर पलीकडच्या रेलवर, मग परत मधे कुठेतरी. दर थोड्या वेळाने तुम्ही लोखंडाजवळ हात नेऊन पाहायचात आणि नुसतं “थांब” म्हणायचात. ते थांबणं मला फार अवघड गेलं. पण शेवटी बैठक सोडली, पुन्हा ओळंबा लावला, आणि खुणा जिथल्या तिथे उतरल्या. त्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त खडू पुसून टाकलात.

बॉडीबद्दल फार लिहीत नाही. पत्रा बदलला, दारं बसली. आधी सगळी गाडी उघड्या लोखंडातच जोडून पाहायची, प्रत्येक बोल्ट बसतोय का, चाक वळवल्यावर कशाला घासतंय का, आणि त्यानंतरच खोलून रंगाला न्यायची, हा तुमचाच हट्ट. रंगावर ड्रिल चालवायची पाळी येणार नाही, हे आज स्पष्ट दिसतंय.

इंजिनाच्या वेळी तुम्ही स्टूलवर बसून होतात. पिस्टन रिंगच्या, म्हणजे पिस्टनभोवतीच्या चिरलेल्या कडीच्या, दोन टोकांमध्ये फट किती ठेवायची, याचा साधा हिशोब असतो: रस्त्यावरच्या इंजिनाला बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या, दर इंचामागे साधारण चार हजारांश इंच. माझं बोअर 4 इंचांचं, म्हणजे सोळा हजारांश. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडरची भिंत ओरबाडते. रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टन उलटा करून तिला हलकेच खाली सरकवायची म्हणजे ती सरळ बसते, मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून बघायचं. कमी भरली तर बाहेर काढून एकाच टोकाला कानस, तीही बाहेरच्या कडेकडून आतल्या दिशेने, म्हणजे वरचा थर उडत नाही. पुन्हा आत, पुन्हा गेज. आणि ज्या सिलिंडरची रिंग त्याच सिलिंडरच्या नावाने बाजूला ठेवायची.

काका, हे काम तुम्ही एका बैठकीत संपवलं असतं. तुमचा हात त्यात मुरलेला आहे. तरीही कानस एकदाही माझ्या हातातून घेतली नाहीत. मी विचारलं की सांगायचात, नाही विचारलं की दिवा धरून बसायचात. मला शिकवणारे पुष्कळ भेटले, चांगलेही भेटले, पण चुळबूळ न करता दुसऱ्याचा संथ हात बघत बसणं फार थोड्यांना जमतं. त्या इंजिनाचा प्रत्येक भाग मी बांधला आहे असं आज कोणालाही सांगू शकते, ते तुमच्यामुळे.

आणि ब्रेक. अशा गाडीत मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा भाग, बहुतेक वेळा पायाखाली, फरशीच्या खाली जातो, कारण पुढे जागाच नसते. तुम्ही चाकाजवळ उकिडवे बसलात, लेव्हल लावलीत आणि म्हणालात, “हा तर चाकांवरच्या ब्रेकपेक्षा खाली आहे. तेल उताराने परत नाही का यायचं?” गाड्यांत कधी न पडलेल्या माणसाने पहिल्याच नजरेत हे हेरलं! पेडल सोडल्यावर तेल मागे ओघळू नये म्हणून नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लावतात: डिस्क ब्रेकला 2 पीएसआयचा (दर चौरस इंचावर 2 पौंड दाब), ड्रमला 10चा. माझ्या पुढच्या चाकांना डिस्क, मागच्यांना ड्रम. दोन्ही व्हॉल्व्ह आता जागेवर आहेत. नळ्यांना एकही तीव्र वळण नाही, क्लिपाही तुम्ही आखून दिलेल्या अंतरावर बसवल्या आहेत.

तेव्हा आभार तर मानतेच, मनापासून मानते, पण एक कामही आहे. येत्या रविवारी ब्रेकमधली हवा काढायची आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करणार. मी खाली चाकाजवळचं हवा सोडायचं निपल खोलत-लावत राहीन, वर पेडलवर सावकाश दाबून धरणारा पाय हवा, आणि “सोडा” म्हटल्याशिवाय न सोडणारा. गुडघा दुखत असेल तर फळीवर उशी ठेवते. सकाळी लवकर या.

तुमची,
शेजारची गॅरेजवाली