हरित विजेचा भार घरांवर, कोळशावरचा कर मात्र हलका

संपादक महोदय,

राज्य वीज नियामक आयोगाने मार्च २०२१ मध्ये महावितरणच्या ग्राहकांसाठी हरित ऊर्जा दर मंजूर केला. नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा भरणाऱ्या ग्राहकाची सर्व वीज सौर, पवन अशा अपारंपरिक स्रोतांतून आली असे धरण्याची ती सोय होती. पर्यावरणाची कळकळ असलेल्या कुटुंबांना असा पर्याय मिळावा, याबद्दल दुमत नाही. मात्र या वाढीव पैशाने कोळशाचा धूर खरोखर किती घटतो आणि तो घटवण्याची किंमत मुळात कोणी मोजायची, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी चादरीच्या कारखान्यात हिशेब पाहतो, त्यामुळे आधी आकडेच मांडतो. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराला त्या दराने ९९ रुपये जादा पडतात. देशाच्या ग्रीडमधील, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातील, एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) हवेत जातो, म्हणजे १५० युनिटमागे सुमारे १०५ किलो. याचा अर्थ हे कुटुंब एक टन कर्बवायूमागे नऊशे रुपयांहून अधिक मोजायला तयार आहे, आणि तेही स्वखुशीने.

आता कोळसा काय मोजत होता ते पाहावे. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला, तो वाढत जाऊन २०१६ मध्ये ४०० रुपयांवर पोहोचला आणि जीएसटी आल्यावर त्याच रकमेचा, राज्यांची महसुली तूट भरून देण्यासाठीचा भरपाई उपकर झाला. एका युनिटसाठी साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो असे धरले, तर हा भार युनिटमागे २८ पैसे होतो. हीच आपल्या देशातील कार्बनची एकमेव ठळक किंमत होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर रद्द झाला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. ऐकताना ही करवाढ वाटते, परंतु केंद्र सरकारच्याच म्हणण्यानुसार वीजनिर्मितीच्या कोळशावरील भार सरासरी टनामागे सुमारे २६० रुपयांनी कमी झाला. त्यातही, टनावर सरसकट ४०० रुपये होते तेव्हा कमी प्रतीच्या स्वस्त कोळशाला ते जड जात. आता कर किमतीच्या टक्केवारीवर असल्याने जो कोळसा सर्वांत निकृष्ट, त्याचाच भार सर्वांत जास्त उतरला. वीज स्वस्त होईल हे त्याचे समर्थन मला समजते आणि गरीब ग्राहकासाठी ते महत्त्वाचेही आहे. पण सुज्ञ नागरिकाने स्वखुशीने ६६ पैसे भरावेत आणि सरकारने कोळशावरचा २८ पैशांचा उपकरही उतरवावा, या दोन गोष्टी एका धोरणात बसत नाहीत.

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली. तिच्यात सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खते, कागद, वस्त्रोद्योग अशा क्षेत्रांतील मोठ्या कारखान्यांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे किती उत्सर्जन चालेल याची मर्यादा घालून देण्याची तरतूद आहे; मर्यादेपेक्षा कमी धूर सोडणारा आपली बचत क्रेडिट म्हणून जास्त सोडणाऱ्याला विकू शकतो. औष्णिक वीजनिर्मितीला मात्र या उद्दिष्टांतून सुरुवातीला बाहेरच ठेवले आहे. दक्षिण सोलापुरात, उजनीच्या पाण्यावर चालणारा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. असे प्रकल्प रातोरात बंद करा, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. संध्याकाळी सातनंतर सौर पॅनेल निवलेली असतात आणि नेमके तेव्हाच शहरभर कूलर, पंखे आणि रात्रपाळीचे माग चालू होतात. परंतु त्या वेळच्या युनिटला धुराची किंमत चिकटली, तरच दिवसाची सौर वीज साठवून रात्री विकणे कोणाला तरी परवडेल. ग्राहकाच्या सदिच्छेने हे होणार नाही.

दुसरा मुद्दा हिशेबाचा आहे आणि तो मला अधिक खटकतो. वितरण कंपन्यांवर एकूण विजेतील ठरावीक वाटा अपारंपरिक स्रोतांतून घेण्याचे कायदेशीर बंधन आहे. केंद्राच्या अधिसूचनेनुसार २०२४-२५ साठी तो २९.९१ टक्के होता आणि २०२९-३० मध्ये तो ४३.३३ टक्के व्हायचा आहे. तारेतून येणारी वीज सर्वांना सारखीच मिळते, फरक फक्त नोंदीत असतो. मग जादा दर भरलेल्या घराचे युनिट याच सक्तीच्या वाट्यात धरले गेले, तर जी वीज कायद्याने घ्यावीच लागणार होती तिच्यासाठीच त्या घराने पैसे दिले, आणि नवे एकही पॅनेल उभे राहिले नाही, असे होईल. म्हणून हे युनिट बंधनाच्या वरचे म्हणून वेगळे नोंदवले जावेत आणि वर्षाअखेरीस त्यांचा आकडा कंपनीने जाहीर करावा.

छतावरील सौर यंत्रणेने हा प्रश्न सुटतो, असे काही जण म्हणतील. पीएम सूर्यघर योजना चांगलीच आहे. ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि आपल्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट सहज देतो. जुळे सोलापूर, होटगी रस्ता या भागांतील बंगल्यांवर पॅनेल दिसतात ते त्यामुळेच. पण अशोक चौकाच्या पुढे, जिथे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार आहे, तिथली छपरे पाहावीत: गंजलेला पत्रा आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून वर ठेवलेले दगड. त्यावर ३०० चौरस फुटांची पॅनेल बसवणार कशी? भाडेकरूचे तर छतही मालकाचे आणि मीटरही मालकाच्या नावाचे. अनुदान वजा जाता उरणारा लाखभर रुपये खर्च विडी कामगार महिलेने कोठून आणायचा?

म्हणून कोळशावर पुन्हा टनामागे उपकर बसावा आणि औष्णिक वीजही कार्बन बाजाराच्या उद्दिष्टांत यावी. त्याने वीज काही पैशांनी महागेल. तो भार लहान ग्राहकावर पडू नये यासाठी उपकराचेच पैसे वापरता येतील. मागच्या वेळी तसे झाले नाही. २०१० ते २०१७ या काळात उपकरातून ८६ हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली, प्रत्यक्ष स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांना त्यातील सुमारे १६ हजार कोटीच मिळाले आणि राज्यांची जीएसटी भरपाई सुरू झाल्यावर त्या निधीचा मूळ हेतूच मागे पडला. या वेळी कायद्यातच लिहावे लागेल की हा पैसा दरमहा १०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांसाठीच खर्च व्हावा. ज्यांना पॅनेल बसवण्याजोगे स्वतःचे छप्पर नाही त्यांच्यासाठी शहराबाहेर सामायिक सौर प्रकल्प उभारून प्रत्येकाच्या वाट्याचे युनिट त्याच्या बिलातून वजा करता येतील. कुंभारीच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांच्या वसाहतीचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि आजूबाजूला माळरान पडून आहे. पहिला प्रयोग तिथे करावा, यासाठी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आयोगापुढे आणि केंद्रीय ऊर्जा मंत्रालयापुढे लेखी मागणी करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वीजग्राहक, सोलापूर